लाख, लाकूड आणि हवा

लाख म्हटलं की बहुतेकांना आधी आकडा आठवतो. मग महाभारतातलं लाक्षागृह, मग राजस्थानी बांगड्या, आणि ज्यांनी कधी पोस्टातून पार्सलं पाठवली आहेत त्यांना सुतळीच्या गाठीवर ओतलेली ती तांबडी, वितळती लाख. मला मात्र बाहुल्या आठवतात. सावंतवाडीच्या, लेथवर कातलेल्या, लाल-पिवळ्या-हिरव्या, काळ्या टिकल्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या.

या लेखाचं कारणही त्याच. आमच्या घरातल्या वाचकांना हा वाद ठाऊक आहे, बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आजीनं पन्नासच्या दशकात कधीतरी सावंतवाडीहून नऊ बाहुल्या आणल्या होत्या. एकाच कारागिराच्या हातच्या, एकाच लाकडाच्या, एकाच कांडीच्या रंगाच्या. आजीच्या मागे त्या तीन-तीन करून वाटल्या गेल्या. तीन मालवणात आत्याकडे राहिल्या, तीन आमच्याकडे पुण्यात आल्या आणि तीन काकांकडे गेल्या, ज्या आता मिनियापोलीसला दादा-वहिनींच्या दिवाणखान्यात आहेत. गेल्या हिवाळ्यात वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा फोटो टाकला. राणीच्या छातीपासून घागर्‍यापर्यंत उभी चीर गेलेली, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना रंगाचे पापुद्रे सुटलेले. मग काय, जे व्हायचं तेच झालं. "आमच्या बघा, इतकी वर्षं झाली, एक चीर नाही", "वस्तू सांभाळायलाही माया लागते", वगैरे. वहिनी बिचार्‍या गप्प बसल्या. वर कुणीतरी असाही तोडगा काढला की सगळ्या नऊ बाहुल्या एकत्र करून एखाद्या पेंटरकडून चकचकीत वॉर्निश मारून घ्यावं, म्हणजे सारख्या दिसतील.

मला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. फोटोतल्या चिरेत मला हयगय दिसत नव्हती, हवा दिसत होती. आणि हवेचा आणि लाखेचा इतिहास बघायला बसलो तर तो गोव्यापासून जपानपर्यंत आणि तिथून लंडनपर्यंत गेला. तोच इथे मांडतो आहे.

* * *

सुरुवात घराजवळूनच करू. सावंतवाडीपासून गोव्याची हद्द अर्ध्या तासावर. त्या गोव्यात १५८३ ते १५८८ या काळात यान हाउखेन फान लिन्सखोटेन नावाचा एक तरुण डच माणूस राहत होता. आर्चबिशपच्या पदरी चिटणिसाचं काम करत असे. डोळे उघडे ठेवून वावरणारा माणूस होता. पुढे हॉलंडला परतल्यावर १५९६ मध्ये त्यानं 'इटिनेरारियो' हा ग्रंथ छापला, आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली पूर्वेच्या समुद्रमार्गांची बरीच गुपितं त्यातून युरोपभर झाली. इतिहासाच्या पुस्तकांत लिन्सखोटेन भेटतो तो यासाठी. पण त्याच ग्रंथात लाखेवरही एक प्रकरण आहे, आणि त्यात तो लाखकाम कसं करतात तेही सांगतो. लाकूड फिरतं ठेवायचं, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. पलंगाचे खूर, खुर्च्या, स्टुलं, सगळं कातीव सामान हिंदुस्थानात असं रंगवतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

सव्वाचारशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आहे, आणि आजही कातीव लाखकाम नेमकं असंच होतं. लेथला पूर्वी दोरी नाहीतर धनुकली असे, आता विजेची मोटर आहे, एवढाच काय तो फरक. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला लाख चढवल्यावर केवड्याच्या जातीच्या झाडाचं वाळलेलं पान फिरत्या लाकडावर दाबून झिलई आणतात. ब्रश नाही, थिनर नाही, वाळण्याची वाट बघणं नाही. थंड झालं की काम झालं.

लिन्सखोटेनच्याही आधी, १५६३ मध्ये, गोव्यातच गार्सिया द ओर्ता या वैद्यानं औषधी द्रव्यांवरचा आपला प्रसिद्ध संवादग्रंथ छापला. त्यातही लाखेवर एक संवाद आहे. ही लाख पंखवाल्या मुंग्या करतात, असं ओर्ताला वाटत होतं. फार काही चुकला नव्हता. लाख करणारा कीटक वेगळा, पण कीटकच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे हजारोंनी चिकटतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडून त्यातच कोंडून घेतात. फांदीवरचं ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून, गाळून लाख तयार होते. आपल्या देशात या एका पदार्थाचं महत्त्व इतकं होतं की १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेवरच्या संशोधनासाठी वेगळी संस्था उघडली गेली. आपल्या आजोबांच्या पिढीनं बालगंधर्व ऐकले ते ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, आणि त्या तबकड्यांमध्येही हीच लाख होती.

आता लाखेचा स्वभाव बघू, कारण आमच्या बाहुल्यांचं सगळं भांडण तिथे आहे.

लाखेला उष्णता सोसत नाही आणि पाण्याशी तिचं नातं जरा विचित्र आहे. ती पाण्यात विरघळत नाही, पण हवेतला ओलावा हळूहळू आत घेते. ओलावा घेतला की मऊ पडते. फार ओल लागली तर तिच्या पातळ थरात पाण्याचे सूक्ष्म कण अडकतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि चकचकीत लाल रंगावर दुधट साय आल्यासारखी दिसते. जुन्या पॉलिशच्या टेबलावर ओला ग्लास ठेवला की जो पांढरा गोल उमटतो ना, तोच प्रकार. बर्‍याचदा हवा कोरडी झाली की हा दुधटपणा आपोआप ओसरतोही. स्पिरिट मात्र लाखेला सरळ विरघळवतं. आणि वर्षं गेली तशी लाख आतल्या आत घट्ट होत जाते, कडक आणि ठिसूळ बनते. नव्या बाहुलीची लाख थोडी लवते, सत्तर वर्षांच्या बाहुलीची लवत नाही. (माणसांसारखंच आहे म्हणा!)

* * *

आता जरा जपानकडे वळू. वाट वाकडी वाटेल, पण कारण आहे. पोर्तुगीज गोव्याहून पुढे जपानला पोचले तेव्हा तिथल्या काळ्याभोर, सोन्याच्या नक्षीच्या पेट्या बघून थक्क झाले. असा गुळगुळीत, आरशासारखा लेप त्यांनी पाहिला नव्हता. हिंदुस्थानात लाकडावरच्या चकचकीत लेपाला लाख म्हणतात हे त्यांना माहीत होतं, तेव्हा यालाही त्यांनी तेच नाव दिलं. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द आपल्या 'लाख' वरूनच गेला आहे, आणि जगभर तो जपानी कामालाच जास्त चिकटला. गंमत म्हणजे जपानी लॅकरमध्ये लाख नावालाही नाही.

जपानी लेपाला तिथे 'उरुशी' म्हणतात. तो किड्याचा नव्हे, झाडाचा चीक असतो. अंगाला लागला तर बिब्ब्यासारखा उठतो, आणि खरोखरच ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे. आणि या उरुशीची तर्‍हा लाखेच्या बरोबर उलटी. लाख थंड झाली की घट्ट होते. उरुशी घट्ट व्हायला दमट हवाच लागते. कोरड्या खोलीत ती दिवसेंदिवस चिकटच राहते. म्हणून जपानी कारागीर ताजं काम एका बंद लाकडी कपाटात ठेवतात, आत ओलावा करून हवा ७० ते ८५ टक्के दमट राखतात. त्या कपाटाला ते 'फुरो', म्हणजे स्नानघर म्हणतात! त्या दमट हवेत चिकातलं एक विकर काम करतं आणि लेप दगडासारखा कठीण होतो. १८८३ मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं या विकराचा छडा लावला आणि पुढे बेर्त्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं नाव ठेवलं 'लॅकेस'. म्हणजे जपानी झाडातल्या विकराला नाव मिळालं ते हिंदुस्थानी किड्याच्या राळेवरून.

युरोपात या जपानी वस्तूंचं वेड पसरलं. पण उरुशीचा चीक तिथवर नेणं शक्य नव्हतं, तो वाटेतच बिघडायचा. तेव्हा तिथल्या कारागिरांनी नक्कल केली ती आपली लाख स्पिरिटात विरघळवून. १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांचं या 'जपानिंग' वरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हौशी लोक घरबसल्या पेट्या रंगवू लागले. पुढे अस्सल जपानी वस्तू फिक्या पडल्या तेव्हा त्यांच्यावरही युरोपात अशीच वॉर्निशं चढवली गेली. वरून झकास दिसलं, पण काही दशकांनी ती वॉर्निशं पिवळी-तपकिरी पडली आणि खालचं सोन्याचं काम झाकोळून गेलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १६४० च्या सुमाराची 'माझारिन चेस्ट' नावाची एक अप्रतिम जपानी पेटी आहे. तिच्या जतनाचं काम २००४ पासून काही वर्षं चाललं होतं, आणि त्यात मागच्या लोकांनी चढवलेल्या अशा परक्या थरांचं काय करायचं हाही एक मोठा प्रश्न होता.

वॉर्निश मारून सगळ्या सारख्या करू म्हणणार्‍यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

* * *

आता हवेकडे. आपण नुसतं 'दमट' आणि 'कोरडं' म्हणतो, पण आकडे बघितले की डोळे उघडतात.

हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरू शकते. २७ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास पाणी धरते. मालवणात जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे आत्याच्या माजघरातल्या प्रत्येक घनमीटर हवेत २३ ग्रॅमभर पाणी. मिनियापोलीसला जानेवारीत बाहेर उणे १० अंश ही अगदी नेहमीची गोष्ट. त्या थंडीत हवेत फार तर सव्वादोन ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येते आणि २१ अंशांपर्यंत तापवली जाते. २१ अंशांची हवा १८ ग्रॅम धरू शकते, पण तिच्यात आहे सव्वादोन ग्रॅमच. म्हणजे आर्द्रता झाली १२ टक्क्यांच्या आसपास. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी ती थोडी वाढते, एवढंच. बाहेर बर्फ पडतंय आणि घरातली हवा मात्र वाळवंटासारखी! ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की झिणझिणी येते. तिथे राहिलेल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

आता लाकूड. लाकूड तोडून शंभर वर्षं झाली तरी ते हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं. आर्द्रता १५-२० टक्क्यांवर आली की ते हळूहळू चारेक टक्क्यांपर्यंत उतरतं. पाणी गेलं की लाकूड आकसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. उंचीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि घेराच्या दिशेनं त्याच्या सुमारे दुप्पट. आता अख्ख्या फांदीतून, गाभ्यासकट कातलेली गोल बाहुली डोळ्यांसमोर आणा. घेराला जास्त आकसायचं आहे, आतली जाडी तितकी कमी होत नाही. ताण कुठेतरी मोकळा व्हायलाच हवा. मग लाकूड उभं तडकतं. सहा सेंटिमीटर जाडीच्या बाहुलीत हा फरक दोन-तीन मिलिमीटरची फट पाडायला पुरेसा आहे. वहिनींच्या फोटोतली चीर साधारण तेवढीच आहे.

आणि वरची लाख? सत्तर वर्षांची, ठिसूळ झालेली. खालचं लाकूड आकसलं तरी ती आकसत नाही. मग ती जागोजाग लाकूड सोडते, छोट्या तंबूसारखी उचलली जाते आणि पापुद्रे सुटतात.

आत्याच्या बाहुल्यांना चीर नाही हे खरंच आहे. मालवणची हवा बारा महिने ओलसर, त्यामुळे लाकडाला आकसायची वेळच येत नाही. पण आत्या, रागावू नकोस, तुझ्या बाहुल्याही सुखरूप नाहीत. त्यांच्यावर तो दुधटपणा कायमचा बसला आहे. शिपायाच्या पाठीवर वर्तमानपत्राची उलटी अक्षरं उमटली आहेत. मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर पेटी तापली, दमटपणानं आधीच मऊ झालेली लाख आणखी मऊ झाली आणि कागदाची शाई उचलून बसली. पायांच्या खाली, जिथे लाख नाही आणि लाकूड उघडं आहे, तिथे बुरशीचे करडे डाग आहेत. साधारण ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता बराच काळ राहिली आणि हवा खेळती नसली की बुरशी येणारच. आणि आमच्या पुण्याच्या? एप्रिलच्या दुपारी पुण्यात आर्द्रता २० टक्क्यांवर उतरते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. दरवर्षी एक हेलपाटा. त्यामुळे आमच्या तिघींच्या अंगावर केसासारख्या बारीक रेघा आहेत, उन्हात धरल्या तरच दिसतात.

नऊ बाहुल्या, तीन हवा, तीन तर्‍हेचं म्हातारपण. यात कुणाची माया कमी पडली ते मला तरी दिसत नाही.

* * *

हवेच्या चढउतारांनी वस्तू बिघडतात हे मोठमोठ्या म्युझियमांनाही फार उशिरा, आणि तेही लढायांमुळे कळलं. पहिल्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं ब्रिटिश म्युझियमनं बर्‍याच वस्तू लंडनच्या जमिनीखालच्या बोगद्यात हलवल्या. युद्ध संपल्यावर बाहेर काढल्या तर लोखंडावर गंज, ब्राँझवर हिरवे फोड, दगड-मातीवर क्षारांची फुलं. तेव्हा अलेक्झांडर स्कॉट या रसायनतज्ज्ञाला बोलावलं गेलं आणि १९२० च्या सुमारास तिथे वस्तूंच्या जतनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली.

दुसर्‍या महायुद्धात शहाणपण आलं होतं. नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं १९४१ मध्ये वेल्समधल्या मॅनॉड नावाच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली. आत विटांच्या खोल्या बांधून हवा १७ अंश आणि ४२ टक्के आर्द्रतेवर स्थिर राखली. आणि आश्चर्य असं की लंडनमध्ये ज्या चित्रांचे रंगाचे पापुद्रे सारखे चिकटवत बसावं लागायचं, ती चित्रं खाणीत शांत झाली. दुरुस्तीचं काम जवळजवळ थांबलंच. युद्ध संपून ती लंडनला परतली तेव्हा पुन्हा तीच कटकट सुरू झाली. धडा स्पष्ट होता. ४२ हा आकडा जादूचा नव्हता, त्याचं न हलणं महत्त्वाचं होतं.

पण माणसाला आकडा धरून ठेवणं सोपं जातं. पुढे गॅरी थॉमसन यांचं 'द म्युझियम एन्व्हायर्नमेंट' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं आणि ५० किंवा ५५ टक्के हा जगभरच्या म्युझियमांचा जणू मंत्रच झाला. खुद्द थॉमसननं मात्र उष्ण, दमट प्रदेशातल्या संमिश्र संग्रहासाठी ६५ टक्केही चालतील, फक्त हवा खेळती ठेवा, असं लिहिलं होतं. ते बाजूला पडलं आणि लंडनचा आकडा राहिला. विचार बदलायला बराच वेळ लागला. २०१० मध्ये युरोपात एक मानक आलं, त्यात लाकडासारख्या वस्तूंसाठी तत्त्व असं मांडलं की ती वस्तू आजवर ज्या हवेत राहिली आहे, ती तिची सवय, आणि त्या सवयीच्या आसपास तिला ठेवा. २०१४ मध्ये जतनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीही सगळीकडे एकच आकडा लादू नये असं जाहीर केलं.

जपान्यांनी हे आकड्यांशिवाय हजार वर्षं आधीच साधलं होतं. नारा शहरात 'शोसोइन' नावाचं लाकडी भांडार आहे. सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर, ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्योनं त्याच्या वस्तू देवाला वाहिल्या, त्या इथे ठेवल्या गेल्या. लाकडी रंगीत मुखवटे, वाद्यं, लॅकरच्या पेट्या, कापडं. जपानची हवा काही कोरडी नाही, पावसाळा आणि दमट उन्हाळा तिथेही आहे. तरीही कितीतरी वस्तूंचे रंग टिकले. इमारत उंच खांबांवर, ओंडक्यांच्या भिंतींची. पूर्वी सांगत की दमट हवेत ओंडके फुगून फटी मिटतात आणि कोरड्या हवेत आकसून हवा खेळते. आता अभ्यासक ते मानत नाहीत. खरं श्रेय ते देतात वस्तू ठेवल्या होत्या त्या देवदारासारख्या लाकडाच्या जाड पेट्यांना. बाहेरची हवा ओली झाली की पेटीचं लाकूड ओलावा पितं, कोरडी झाली की सोडतं. आतल्या वस्तूपर्यंत चढउतार पोचेतो तो अगदी मंद झालेला असतो. आणि शरद ऋतूत, हवा बरी असताना, पेट्या उघडून तपासायची रीत. १८८३ पासून तर ते दरवर्षी नेमानं होतं.

हे वाचलं आणि मला आजीची पेटी आठवली. जाड फणसाच्या फळ्यांची, आत जुन्या धुवट सुती लुगड्यांचे तुकडे, प्रत्येक बाहुली वेगळी गुंडाळलेली. नवरात्रानंतर, पाऊस पूर्ण गेला की ती पेटी उघडायची, पडवीत, सावलीत. कपड्यांना ऊन दाखवायची, बाहुल्यांना नाही. "त्यांस वारो पुरे," म्हणायची. त्या सुती तुकड्यांनी आणि फणसाच्या फळ्यांनी तेच केलं जे नाराच्या पेट्यांनी केलं. वाटणीत बाहुल्या वाटल्या गेल्या. पेटी मोठी, जुनी, कुणाला नको होती म्हणून मालवणच्या घरीच माळ्यावर राहिली आणि पुढे तिच्यात भांडी भरली गेली.

मला विचाराल तर आजीच्या बाहुल्यांचा निम्मा जीव त्या पेटीत होता.

* * *

तेव्हा आता करायचं काय? ज्यांच्या घरी अशा सावंतवाडीच्या, चन्नपट्टणच्या किंवा कुठल्याही लाखेच्या जुन्या वस्तू आहेत त्या सगळ्यांसाठी लिहितो.

वॉर्निश नको. लाखेच्या वर चढवलेला परका थर पुन्हा काढता येत नाही, काढायला गेलं तर लाखच निघते. चीर लांबी किंवा फेव्हिकॉलनं बुजवू नका. उन्हाळ्यात लाकूड पुन्हा थोडं फुगतं, बुजवलेली चीर मिटू शकत नाही आणि नवी चीर शेजारी पडते. पुसायला कोरडं मऊ सुती फडकं, तेही पापुद्रे नसतील तिथेच. २०२० पासून घरोघरी आलेलं सॅनिटायझर आणि त्याचे ओले कागद यांपासून लांब ठेवा, त्यात अल्कोहोल असतं आणि ते लाख विरघळवतं.

थंड देशातल्यांनी वस्तू गरम हवेच्या जाळीपासून आणि फायरप्लेसच्या वरच्या फळीपासून दूर, शक्यतो काचेच्या दाराच्या लाकडी कपाटात, खाली सुती कापड पसरून ठेवाव्या. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. हिवाळ्यात ते ३५-४० टक्के दाखवत असेल तर उत्तम. भारतातून नेलेली वस्तू पोचल्या पोचल्या उघडून शोकेसमध्ये मांडू नका. कापडात गुंडाळून, खोक्यात, काही आठवडे तशीच राहू द्या. तिला हळूहळू वाळू द्या. कोकणातल्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, माळ्यावर टाकू नका. भिंतीला न टेकवता, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि पाऊस सरला की सावलीत वारा द्या.

आणि घरच्या मंडळींना एक सुचवणं. नऊ बाहुल्या एकत्र आणायचा आग्रह सोडून देऊ. मिनियापोलीसच्या तिघी आता कोरड्या हवेला सरावल्या आहेत, त्यांची चीर पडायची ती पडून गेली, लाकडाचा ताण मोकळा झाला. त्यांना पुन्हा मालवणला आणलं तर लाकूड परत फुगणार आणि उरलीसुरली लाखही सुटणार. जिथे आहेत तिथे नांदू देत. त्यापेक्षा आत्या, त्या पेटीतली भांडी बाहेर काढ. तुझ्या तिघी तिच्यात जाऊ देत. जुनी लुगडी मी पाठवतो, पुण्याच्या कपाटात आजीची दोन अजून आहेत.

वहिनी, राणीची चीर दिसते तर दिसू दे. कुणी विचारलं तर सांगा, ही मालवणच्या पावसातून मिनेसोटाच्या हिवाळ्यात आली, त्याची खूण आहे. तुमच्या हातून काही झालेलं नाही.